बापलेकीच्या नाचाची क्रमवारी

मंगळवार, १४ जानेवारी

समितीचं इतिवृत्त मी लिहितो आणि पुढच्या मंगळवारी ते मोठ्याने वाचलं जातं. त्यामुळे त्यात खासगी काही घालता येत नाही. म्हणून ही वही वेगळी.

समिती म्हणजे आम्ही तिघं. मर्ल डेकरने टोलेडोत आयुष्यभर टपाल वाटलं. ऑगी बेनेदेत्तोचं गालिच्यांचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. मी काउंटीच्या कचेरीत घरांचं मूल्यांकन करत असे. हिवाळ्यात बेसबॉल नसतो, म्हणून हिवाळ्यात आम्ही खेळाडूंची क्रमवारी लावतो. सर्वकाळचे शंभर, दर वर्षी नव्याने. त्यातले बहुतेक मरून गेलेत, तरी क्रम बदलतो.

आज विली मेज पहिला आला आणि बेब रूथ, ऑगीचा लाडका, दुसरा. ऑगी डगला घालून बाहेर निघून गेला. त्याचा ॲपल पाय बशीत अर्धा राहिला होता, म्हणून परत आला.

रविवार, १९ जानेवारी

ब्रिजेटचा फोन. ती कोलंबसला असते. आम्ही नाताळाला आणि वाढदिवसाला बोलतो. आज यातलं काहीच नव्हतं, म्हणून मी आधी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

"डॅड, मी लग्न करतेय. सात जूनला. आयझॅकशी."

मी अभिनंदन केलं. आयझॅकला मी एकदा भेटलो आहे. उंच आहे. बेसबॉल बघत नाही.

"लग्नात बापलेकीचा नाच असतो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"गाणं तू निवडायचंस."

"निकष काय?"

"चांगलं असावं."

"कोणत्या दशकातलं?"

"तुझ्या. माझ्या. कुठल्याही. मे अखेरपर्यंत ठरव. नाही जमलं तर मी कर्टला विचारेन."

कर्ट तिच्या आईचा नवरा. बोटी विकतो. ब्रिजेट बारा वर्षांची असल्यापासून त्याच्या घरी वाढली. तो छान नाचतो, असं मी ऐकून आहे.

मे अखेर. जमण्यासारखं आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

विषय समितीपुढे ठेवला. एकमताने स्वीकारला. खेळाडूंची यादी यंदा लवकर संपली होती, हेही एक कारण असावं.

पद्धतीवर वाद झाला. मर्ल म्हणाला, "गाणं लोकप्रियतेच्या यादीत किती आठवडे वर राहिलं ते धरायचं नाही. ते कोणालाही जमतं, नुसतं टिकून राहायचं."

ऑगी म्हणाला, "टिकून राहणं कोणालाही जमतं? तुझ्या पहिल्या बायकोला विचारू का?"

शेवटी ठरलं ते असं. सर्वोच्च क्षण, टिकाऊपणा आणि काळानुसार दुरुस्ती. साठच्या दशकात चांगली गाणी इतकी होती की एखादं दहावं आलं तरी ते नंतरच्या कुठल्याही पहिल्यापेक्षा वरचं, असं मर्लचं म्हणणं. ऐंशीच्या दशकातला यंत्राचा ढोल आम्ही उत्तेजकं घेतलेल्या खेळाडूंच्या वर्गात टाकला. यादीत घ्यायचं, पण समोर खूण करायची.

रविवार, २६ जानेवारी

ब्रिजेटने परत फोन केला. काम कुठवर आलं विचारत होती. मी पद्धत समजावून सांगितली. तिने बरेच प्रश्न विचारले, काही चांगले होते. ढोलाच्या खुणेबद्दल तिने दोनदा विचारलं.

म्हणाली, "आघाडीवर असतील ती दर रविवारी एकेक करून सांग. कारणांसकट."

तिला पद्धतीत रस आहे. हे माझ्याकडून आलं असणार. तिच्या आईला कधी क्रम लावता आला नाही, अगदी मसाल्यांच्या बाटल्यांचासुद्धा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अडचण. यादीतल्या पहिल्या वीस गाण्यांपैकी बहुतेकांत कोणीतरी कोणाला सोडून जातं. बाकीच्यांत गाडीला अपघात होतो. त्रेसष्टचं ते रेल्वे फाटकाचं गाणं, गुणांनी पहिलं, त्यात मुलगा शेवटच्या कडव्यात मरतो आणि मुलगी अंगठी नदीत टाकते.

"लग्नात चालेल का?" मी विचारलं.

"सूर आनंदी आहे," ऑगी म्हणाला.

"मुलगा मरतोय, ऑगी."

"आनंदात मरतोय."

मर्लने पात्रतेचा नियम मांडला. नायक कडव्याअखेर जिवंत हवा, आणि शक्यतो घरी. या नियमाने सत्तरचं दशक जवळजवळ रिकामं झालं. त्या दहा वर्षांत पुरुष बॅग भरून टेक्सासलाच चालले होते. मी घर सोडलं तेव्हा टेक्सासला गेलो नाही. मॉमी नदीच्या अलीकडे भाड्याची जागा घेतली. त्यावर कोणी गाणं करणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

एकाहत्तरचं पियानोचं गाणं सुचवलं. ब्रिजेट म्हणाली, त्यात बासरी आहे, मला बासरी आवडत नाही.

शाळेत ती दोन वर्षं बासरी वाजवायची. मी एका कार्यक्रमाला गेलो होतो. कारण पटण्यासारखं आहे.

रविवार, २ मार्च

पासष्टचं सुचवलं. तिला फार जलद वाटलं.

रविवार, ९ मार्च

तेच गाणं गायकाने पुढे संथ करून गायलं होतं. ते सुचवलं. फार संथ वाटलं. मग ती म्हणाली, "जाऊ दे गाणं. आज जेवलास काय?"

मी सांगितलं, सूप. कसलं, तिने विचारलं. टोमॅटोचं. त्याबरोबर? काही नाही. हे बराच वेळ चाललं. मुद्द्यावर आणायला मला कष्ट पडले.

शनिवार, २२ मार्च

आयझॅक लग्नाच्या हॉलचं काही ठरवायला टोलेडोला आला होता, मला भेटून गेला. सभ्य आहे. कॉफी घेताना म्हणाला, "सर, रविवारी तुमचा फोन झाला की ती नंतर तासभर हसत असते."

मी विचारलं, नेमकी कुठल्या भागाला हसते.

तो गोंधळला. "सगळ्यालाच, मला वाटतं."

मांडणी आटोपशीर करायला हवी. काळानुसार दुरुस्तीचा भाग लांबतो, हे मर्लही म्हणाला होता.

रविवार, ३० मार्च

मांडणी आटोपशीर केली. लवकर संपली. ब्रिजेट म्हणाली, "एवढंच?" मग तिने खेळाडूंच्या क्रमवारीबद्दल विचारलं. बॉब फेलर कितवा, असं विचारलं. लहानपणी मी तिला त्याच्याबद्दल सांगत असे. चेंडू इतका वेगाने टाकायचा की समोरच्याला फक्त आवाज यायचा. मी म्हणालो, तेरावा. ती म्हणाली, मागे नववा होता ना. कधी होता ते मला बघावं लागलं. ती दुसरीत असताना.

सोमवार, ७ एप्रिल

कर्टचा फोन आला. मला तो कधी फोन करत नाही.

"रोलंड, एक सांगायचं होतं. त्या नाचाचं. तू करतोयस याचा मला आनंद आहे. खरंच. फेब्रुवारीत माझा गुडघा बदलला. मला खुर्चीतून उठतासुद्धा येत नाही नीट."

मी म्हणालो, काळजी घे.

मी बेसबॉल फार वर्षं बघतोय. दुखापत जाहीर करून शेवटच्या डावात बॅट घेऊन उतरणारे खेळाडू मला माहीत आहेत. सावध राहिलं पाहिजे.

मंगळवार, १५ एप्रिल

गाणं निवडलं की नाचावंही लागेल, हे आज मर्लच्या लक्षात आलं. तिघांपैकी कोणीही हा मुद्दा जानेवारीपासून काढला नव्हता. इतिवृत्तात फक्त "तांत्रिक बाबींवर चर्चा" असं लिहिलं.

गुरुवार, १७ एप्रिल

ऑगीच्या दुकानात सराव. मागच्या दालनात गालिच्यांच्या गुंडाळ्या उभ्या असतात, त्यांच्या मधे जागा आहे. ऑगीला नाचता येतं. त्याच्या घरात सगळ्यांनाच येतं.

"मुलगी कोण?" मी विचारलं.

"तू. आधी मागे जायला शीक, मग पुढे."

"मी बाप आहे."

"इथे मी सांगेन तो बाप. डावा पाय. डावा, रॉली. तो तुझा दुसरा डावा आहे."

मर्ल एका आडव्या गुंडाळीवर बसून मोजत होता. तो टपालवाला, चालण्याच्या तालावर मोजतो, त्यामुळे आम्ही दोघं नाचत दारापर्यंत गेलो. तिथे एक बाई उभ्या होत्या. त्यांनी न्हाणीघरातल्या पायपुसण्याचा भाव विचारला. ऑगीने माझी कंबर न सोडता सांगितला. त्यांनी दोन घेतली.

गुरुवार, २४ एप्रिल

सराव. ऑगी म्हणतो, मी घर मोजत असल्यासारखा नाचतो. कोपऱ्याकोपऱ्याने.

शुक्रवार, २ मे

एक विचार मनात आहे तो लिहून ठेवतो.

मूल्यांकनात तुलनेची पद्धत असते. एका घराची किंमत ठरवायची तर शेजारची विकली गेलेली घरं बघायची. आज मी ती पद्धत स्वतःला आणि कर्टला लावली. भावनेत न जाता.

शाळेत सोडणं, आणणं: कर्ट. दंतवैद्य: कर्ट. गाडी चालवायला शिकवणं: कर्ट, आणि त्यात त्याचं फाटक मोडलं होतं. कॉलेजचं सामान तिसऱ्या मजल्यावर चढवणं: कर्ट. माझ्या नावावर एकाआड एक शनिवार, त्यातलेही काही पावसामुळे रद्द. बेसबॉल बघायला जायचो आम्ही. पाऊस पडला की तिला मी आईकडे परत सोडत असे. सामनाच नाही, तर मग काय करणार, असं मला तेव्हा वाटायचं.

सुरुवातीच्या वर्षांत मी चांगला होतो. सर्वोच्च क्षण म्हणाल तर ती सहा वर्षांची असताना. पण टिकाऊपणात तो फार पुढे आहे. काळानुसार कुठलीही दुरुस्ती केली तरी निकाल बदलत नाही.

रविवार, ४ मे

ब्रिजेटचा फोन आल्यावर मी तिला निष्कर्ष सांगितला. नाच कर्टने करावा. गुडघ्याला अजून महिना आहे. मी आकडेही वाचून दाखवले, म्हणजे तिला गैरसमज होऊ नये.

मला वाटलं फोन कट झाला.

"तू आमची क्रमवारी लावलीस," ती म्हणाली.

"न्याय्य व्हावं म्हणून."

"डॅड, मी मतदान मागितलं नव्हतं. मी तुला मागितलं होतं."

"तू गाणं मागितलं होतंस."

तिने फोन ठेवला. आकडे तपासून बघितले. बरोबर आहेत.

मंगळवार, ६ मे

समितीला सांगितलं. ऑगीने कपाळावर हात मारला. मर्ल मात्र पद्धतीवर आला.

"फेलरला आपण युद्धातल्या वर्षांचे गुण देतो की नाही? जवळजवळ चार हंगाम तो नौदलात होता. एक चेंडू टाकला नाही. तरी आपण धरून चालतो की टाकला असता."

"फेलर युद्धावर होता, मर्ल. मी टोलेडोत होतो. नदीच्या अलीकडे."

हे इतिवृत्तात घेतलं नाही.

रविवार, ११ मे

फोन आला नाही. आज मातृदिन आहे, ती आईकडे गेली असेल. मातृदिनाला कोलंबसहून टोलेडोला येऊन परत जायचं म्हणजे दिवस जातो.

रविवार, १८ मे

आज मातृदिन नव्हता.

सूप केलं. कोणी विचारलं असतं तर, मक्याचं.

मंगळवार, २० मे

समितीला गेलो नाही. दुपारी लॉरेट, ब्रिजेटची आई, आली. ती इथे आठ-नऊ वर्षांत आली नव्हती. कोट काढला नाही. स्वयंपाकघरातल्या बाटल्यांकडे बघून म्हणाली, "अजून उंचीप्रमाणे?"

"वापराप्रमाणे. तू बस ना."

"नको. रोलंड, कर्टला कोणी विचारलेलंच नाही. जानेवारीतही नाही, आजही नाही."

"ती म्हणाली होती, मी नाही ठरवलं तर—"

"तुला तारीख दिल्याशिवाय तू काही करतोस का? लग्नाची मागणीसुद्धा तू मूल्यांकनाचं वर्ष संपता संपता घातली होतीस."

हे खरं आहे. तेव्हा कामाचा ताण असतो.

"मग इतकी गाणी तिने नाकारली कशाला?" मी विचारलं. "बासरी, वेग. दर आठवड्याला काहीतरी नवीन."

लॉरेट माझ्याकडे बघत राहिली. ती अशी बघायची तेव्हा पूर्वी भांडण व्हायचं. आज झालं नाही.

"तुला खरंच कळलं नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. टाय निळा घे. तो चॉकलेटी फेकून दे."

ती गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. बहुधा तिला म्हणायचं होतं की ब्रिजेटचे निकष आम्ही सुरुवातीलाच लिहून घ्यायला हवे होते.

गुरुवार, २२ मे

कोलंबसला गेलो. न कळवता. रस्त्यात दोनदा वाटलं, परत फिरावं. पण तिथे वळायला जागा नव्हती.

दार ब्रिजेटने उघडलं. हातात ओला कप होता.

"काय झालं?"

"काही नाही. गाणं ठरलेलं नाही. पहिल्या पाचावर समितीत मतभेद आहेत. आणि मला नाचता येत नाही."

"माहीत आहे मला."

"ऑगी म्हणतो, मी वळताना थांबतो. मुलीच्या पावलांनी मला बरं जमतं, कारण आधी तीच शिकलो. बापाची पावलं अजून कच्ची आहेत."

"ऑगीबरोबर नाचतोस तू?"

"दर गुरुवारी. गालिच्यांच्या दुकानात."

तिने कप खाली ठेवला. मग ती भिंतीला टेकली आणि खाली बसली, जमिनीवरच. मला वाटलं रडतेय. आयझॅक आतून धावत आला, त्यालाही तसंच वाटलं. थोड्या वेळाने कळलं की हसतेय. मग परत वाटलं रडतेय. मी आयझॅककडे बघितलं. त्याने खांदे उडवले. उंच आहे, पण उपयोगाचा नाही.

"डॅड," ती म्हणाली, "मला तो हिशेब सगळा माहीत आहे. कोण शाळेत सोडायला यायचं ते. मी तिथेच होते. गाडीत."

"हो."

"त्याची बेरीज करायची नसते."

पटलं असं नाही, पण जेवायला थांबलो.

जेवण झाल्यावर यादी काढली. तिने वरून खाली बोट फिरवलं आणि बत्तिसाव्यावर ठेवलं.

"हे."

"बत्तिसावं? वर एकतीस चांगली आहेत."

"यात कोण मरतं?"

मी आठवून बघितलं. एकोणऐंशीचं आहे. एक माणूस बाजारातून संत्री आणतो. दुसऱ्या कडव्यात ती सोलतो. "कोणी नाही."

"झालं तर मग."

शनिवार, ७ जून

निळा टाय. हॉल गरम होता.

भाषणं, जेवण, केक. कर्ट काठी टेकत आला आणि माझा हात हातात घेतला. त्याला खरंच उठता येत नाही. मी त्याला खुर्ची आणून दिली, मग दुसरी, पाय ठेवायला.

मग आमचं नाव पुकारलं. सगळे मागे सरकले. मधली जागा बेसबॉलच्या मैदानाएवढी वाटली, आणि मी बाहेरच्या टोकाला.

गाणं सुरू झालं. पहिल्याच वळणावर मी चुकून मुलीची पावलं टाकली. दोघंही मागे गेलो. लोक हसले. ऑगी भिंतीपाशी उभा राहून हाताने खुणा करत होता, तो डावा, दुसरा डावा. ब्रिजेट म्हणाली, "तिकडे बघू नकोस. मीच बाप होते." मग तिने मला नेलं. मला मागे जायला छान येतं.

दुसऱ्या कडव्यापर्यंत मी तिच्या पायावर तीनदा पाय दिला. माफी मागितली. ती म्हणाली, मोजू नकोस. मी थांबलो, म्हणजे मोजायचा. संत्री कधी सोलून झाली ते कळलं नाही.

मर्लने नंतर विचारलं, ऐकताना काय वाटलं, क्रम बदलायचा का. मी म्हणालो, मी ऐकलंच नाही.

मंगळवार, १० जून

समिती. इतिवृत्त वाचून झालं. ऑगीने ठराव मांडला की बत्तिसावं गाणं पहिल्या क्रमांकावर न्यावं. मर्लने विरोध केला. गाणं मध्यम आहे, संत्र्यांचं कडवं लांबलंय, आणि एका प्रयोगावरून क्रम बदलत नाहीत. मर्लचं बरोबर होतं. मी ऑगीच्या बाजूने मत दिलं. कारण विचारलं तर देता आलं नाही.

बुधवार, ११ जून

ती दोघं मेन राज्यात समुद्रावर गेली आहेत. फोन मी केला.

आयझॅकने उचलला आणि घाबरून तिला दिला.

"काय झालं?" ब्रिजेट म्हणाली. "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"कर्टचा गुडघा?"

"बरा असेल. मला माहीत नाही."

"मग? क्रमवारीचं काही आहे का?"

"नाही."

मागे लाटांचा आवाज येत होता. मी विचारलं, तिकडे हवा कशी आहे. ती म्हणाली, धुकं आहे, काही दिसत नाही. मी म्हणालो, इकडे ऊन आहे. यापुढे मला काही सुचेना, पण फोन ठेवावासाही वाटेना.

"डॅड," ती म्हणाली, "थांब जरा. खुर्ची घेते."